आल्फ्रेड रसेल वॉलेस

आल्फ्रेड रसेल वॉलेस (८ जानेवारी १८२३ – ७ नोव्हेंबर १९१३) हे ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ, संग्राहक, प्रवासी आणि लेखक होते. नैसर्गिक निवडीद्वारे होणाऱ्या उत्क्रांतीचा सिद्धान्त त्यांनी चार्ल्स डार्विन यांच्यापासून स्वतंत्रपणे मांडला. प्राण्यांच्या भौगोलिक वितरणाच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांमध्येही त्यांची गणना होते. मलय द्वीपसमूहात आठ वर्षे राहून त्यांनी केलेल्या अभ्यासात दोन प्राणिगटांना विशेष स्थान आहे. एक म्हणजे बर्डविंग आणि स्वॅलोटेल कुळातील फुलपाखरे, आणि दुसरा म्हणजे बोर्निओतील ओरांगउटान हा मानवसदृश कपी. नैसर्गिक निवड कशी कार्य करते याचे सर्वांत स्पष्ट पुरावे त्यांना फुलपाखरांच्या पंखांवर मिळाले, तर या सिद्धान्ताच्या मर्यादेचा प्रश्न त्यांच्यासमोर कपी आणि मानव यांच्या तुलनेतून उभा राहिला. या दोन्ही गटांचे भवितव्य आज संवर्धनाच्या दृष्टीने महत्त्वाचे मानले जाते.

## बालपण आणि शिक्षण

वॉलेस यांचा जन्म वेल्समधील अस्क या गावाजवळ झाला. थॉमस व्हिअर वॉलेस आणि मेरी ॲन यांच्या नऊ अपत्यांपैकी ते आठवे होते. वडिलांची सांपत्तिक स्थिती खालावत गेल्याने हर्टफर्ड येथील शाळा त्यांना वयाच्या चौदाव्या वर्षी सोडावी लागली. त्यानंतर त्यांचे औपचारिक शिक्षण झाले नाही. थोरले बंधू विल्यम यांच्या हाताखाली त्यांनी जमीन मोजणीचे काम शिकले. या कामानिमित्त उघड्यावर हिंडताना त्यांना वनस्पती ओळखण्याची आवड लागली. अचूक मोजमाप करण्याची जी सवय त्यांना लागली, ती पुढे संग्रहाच्या कामी उपयोगी पडली.

१८४४ मध्ये ते लेस्टर येथील शाळेत शिक्षक झाले. तेथे त्यांची हेन्री वॉल्टर बेट्स या तरुण कीटकसंग्राहकाशी ओळख झाली आणि भुंगेरे व फुलपाखरे गोळा करण्याचा छंद जडला. सजीवांच्या जाती कशा उत्पन्न होतात, हा प्रश्न या काळापासूनच दोघांच्या चर्चेत होता.

## ॲमेझॉनचा प्रवास

१८४८ मध्ये वॉलेस आणि बेट्स ब्राझीलमधील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात गेले. नमुने गोळा करून ते सॅम्युएल स्टीव्हन्स या लंडनमधील दलालामार्फत विकायचे आणि त्यातून प्रवासाचा खर्च भागवायचा, अशी त्यांची योजना होती. पुढे दोघांनी स्वतंत्र मार्ग धरले. वॉलेस यांनी रिओ निग्रो नदीच्या वरच्या भागापर्यंत प्रवास केला. त्यांच्या मदतीस आलेले धाकटे बंधू हर्बर्ट १८५१ मध्ये पीतज्वराने मरण पावले.

जुलै १८५२ मध्ये वॉलेस परत निघाले. ६ ऑगस्ट रोजी भर समुद्रात जहाजाला आग लागली. त्यांच्या बहुतेक टिपणवह्या आणि सोबतचा सर्व संग्रह त्यात नष्ट झाला. दहा दिवस उघड्या होडीत काढल्यावर एका जहाजाने त्यांची सुटका केली. स्टीव्हन्स यांनी संग्रहाचा विमा उतरवला असल्याने थोडीबहुत भरपाई मिळाली. ॲमेझॉनमधील माकडांविषयी त्यांनी लिहिलेल्या निबंधात मोठ्या नद्यांच्या दोन तीरांवर वेगवेगळ्या जाती आढळतात, याकडे लक्ष वेधले होते. प्राण्यांच्या वितरणाविषयीच्या त्यांच्या पुढील विचारांची ही सुरुवात होती.

## मलय द्वीपसमूहात

एप्रिल १८५४ मध्ये वॉलेस सिंगापूरला पोहोचले. पुढील आठ वर्षांत त्यांनी आजच्या मलेशिया आणि इंडोनेशियातील बेटांवर सुमारे १४,००० मैलांचा प्रवास केला. या काळात जमलेल्या नमुन्यांची संख्या १,२५,६६० होती. त्यांत ८३,२०० भुंगेरे, १३,१०० फुलपाखरे व पतंग, ८,०५० पक्षी आणि ३१० सस्तन प्राणी होते. हे काम एकट्याचे नव्हते. सारावाकमधील अली हा मलय तरुण त्यांच्याकडे स्वयंपाकी म्हणून आला आणि पुढे त्यांचा सर्वांत विश्वासू संग्राहक झाला. याशिवाय अनेक स्थानिक शिकारी व नावाडी त्यांच्या मदतीस होते.

### सारावाक आणि ओरांगउटान

बोर्निओ बेटावरील सारावाकचे राजे जेम्स ब्रुक यांच्या निमंत्रणावरून वॉलेस तेथे गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. प्रत्येक जात ही तिच्याशी निकटचे साम्य असणाऱ्या आधीच्या जातीच्या शेजारी आणि तिच्यानंतरच्या काळात उदयास येते, असा नियम त्यात मांडला होता. हा नियम सारावाक नियम म्हणून ओळखला जातो.

मार्च १८५५ पासून ते सिमुंजान येथील कोळशाच्या खाणीजवळ राहिले. खाणीसाठी जंगल तोडले जात असल्याने पडलेल्या झाडांवर भुंगेरे विपुल होते. वॉलेस मजुरांना प्रत्येक कीटकामागे एक सेंट देत असत. याच परिसरात त्यांना ओरांगउटान पाहायला मिळाला. दायाक लोक त्याला मिआस म्हणत.

या कपीची माहिती युरोपात तोवर बहुतांशी ऐकीव होती. त्याची उंची पाच फुटांहून अधिक असल्याचे सांगितले जाई. वॉलेस यांनी नुकत्याच मारलेल्या १७ ओरांगउटानांची मोजमापे घेतली. सर्वांत उंच नराची उंची ४ फूट २ इंच भरली. ओरांगउटान झाडावरून झाडावर उड्या न मारता फांद्या पारखत सावकाश पुढे जातो, रोज रात्री फांद्या मोडून झोपण्यासाठी मचाणवजा घरटे बांधतो आणि ड्युरियनसारखी फळे खातो, अशा नोंदी त्यांनी केल्या. या प्राण्याला सलग आणि सारख्या उंचीचे घनदाट अरण्य आवश्यक असते, हे त्यांचे निरीक्षण संवर्धनाच्या दृष्टीने आजही महत्त्वाचे आहे.

यांतील अनेक प्राणी वॉलेस यांनी स्वतः गोळी घालून मारले होते. संग्रहालयांना कातडी आणि सांगाडे विकणे हा त्यांच्या उपजीविकेचा भाग होता. अशाच एका मारलेल्या मादीचे सुमारे फूटभर लांबीचे पिलू त्यांना दलदलीत पालथे पडलेले सापडले. घरी नेताना त्या पिलाने त्यांची दाढी घट्ट धरून ठेवली होती. दूध मिळण्याची सोय नसल्याने वॉलेस त्याला तांदळाची पेज पाजत आणि तिच्यात कधी साखर व नारळाचे दूध घालत. आईच्या केसांऐवजी धरण्यासाठी त्यांनी म्हशीच्या कातड्याचा गुंडाळा करून दिला आणि सोबतीला माकडाचे एक पिलू आणले. त्या माकडाच्या पिलाशी तुलना करताना त्यांच्या लक्षात आले की ते जवळपास त्याच वयाचे असूनही चपळ व स्वावलंबी होते, तर ओरांगउटानचे पिलू मानवी अर्भकासारखे असहाय होते. सुमारे तीन महिन्यांनी तापाने त्याचा मृत्यू झाला. सांगाडा साफ करताना वॉलेस यांना दिसले की, झाडावरून पडल्यावर त्याचा एक हात आणि एक पाय मोडला होता व हाडे वेडीवाकडी जुळून आली होती. जिवंतपणी केवळ गाठी जाणवल्या होत्या. हा सर्व वृत्तान्त त्यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केला. पितृत्वाचा जिव्हाळा आणि संग्राहकाची अलिप्तता या दोन्ही गोष्टी त्यात शेजारी शेजारी आढळतात.

### बर्डविंग फुलपाखरे

सारावाकमध्येच त्यांना काळ्या पंखांवर हिरव्या झळाळत्या त्रिकोणांची रांग असलेले एक मोठे फुलपाखरू मिळाले. राजे ब्रुक यांच्या सन्मानार्थ त्यांनी त्याला ब्रुकियाना हे नाव दिले. आज ते राजा ब्रुक बर्डविंग म्हणून ओळखले जाते व मलेशियाचे राष्ट्रीय फुलपाखरू मानले जाते.

ऑक्टोबर १८५८ मध्ये मोलुक्कास बेटांपैकी बाचान येथे पोहोचल्यावर त्यांना अरण्यात एक अपरिचित बर्डविंग मादी दिसली. तिचा नर मिळण्यास जानेवारी १८५९ उजाडला. मुसेंडाच्या फुलांवर येणाऱ्या या नराचे पंख काळे व तेजस्वी नारिंगी असून त्यांचा विस्तार सात इंचांहून अधिक होता. तो जाळ्यातून बाहेर काढून पंख उघडताना आपले हृदय जोराने धडधडू लागले, भोवळ येईल असे वाटले आणि उरलेला दिवस डोके दुखत राहिले, असे त्यांनी नमूद केले आहे. या जातीचे नाव ऑर्निथॉप्टेरा क्रीसस असे असून तिला वॉलेस यांचे सोनेरी बर्डविंग असेही म्हणतात.

### टर्नाटे येथील निबंध

फेब्रुवारी १८५८ मध्ये हिवतापाने अंथरुणास खिळले असताना वॉलेस यांना थॉमस माल्थस यांच्या लोकसंख्येविषयीच्या ग्रंथाची आठवण झाली. प्राणी जितके जन्मतात तितके जगत नाहीत; मग कोण जगते, या प्रश्नाचे उत्तर त्यांना परिस्थितीशी अधिक जुळणाऱ्या भेदांत सापडले. हा निबंध त्यांनी टर्नाटे येथून डार्विन यांना पाठवला. डार्विन वीस वर्षे याच सिद्धान्तावर काम करत होते. चार्ल्स लायेल आणि जोसेफ हूकर यांच्या पुढाकाराने १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन यांची टिपणे आणि वॉलेस यांचा निबंध एकत्र वाचण्यात आला. वॉलेस तेव्हा हजारो मैल दूर होते आणि त्यांची अनुमती घेतली गेली नव्हती. तरीही त्यांनी याविषयी कधी तक्रार केली नाही. उलट १८८९ मध्ये उत्क्रांतीवरील आपल्या ग्रंथाला त्यांनी डार्विनवाद हेच नाव दिले.

### वॉलेस रेषा आणि परतीचा प्रवास

बाली आणि लोंबोक ही बेटे एका अरुंद सामुद्रधुनीने विभागलेली असली, तरी त्यांवरील पक्षी वेगळे असल्याचे वॉलेस यांना आढळले. आशियाई आणि ऑस्ट्रेलियन प्राणिसृष्टीमधील ही सीमा वॉलेस रेषा या नावाने प्रसिद्ध आहे. ओरांगउटान या रेषेच्या पश्चिमेलाच राहतो; क्रीसस बर्डविंग तिच्या पूर्वेकडील बेटांवर आढळते.

१८६२ च्या आरंभी ते दोन जिवंत स्वर्गपक्षी (बर्ड ऑफ पॅराडाइज) घेऊन इंग्लंडला परत निघाले. वाटेत प्रवास खंडित करण्यासाठी आणि पक्ष्यांना केळी घेण्यासाठी ते एक आठवडा मुंबईत थांबले. जहाजावर पक्ष्यांना कीटक मिळेनात, म्हणून ते रोज रात्री झुरळे शोधत. दोन्ही पक्षी लंडनला सुखरूप पोहोचले.

## फुलपाखरू आणि कपी यांवरील विचार

### पंखांवरील पुरावा

मलय प्रदेशातील स्वॅलोटेल फुलपाखरांवरील वॉलेस यांचा विस्तृत निबंध १८६४ मध्ये लिनियन सोसायटीत वाचला गेला व १८६५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर पॅमॉन, पॉलिटीस आणि रोम्युलस या वेगळ्या जाती मानल्या जात. वॉलेस यांनी दाखवले की ती एकाच जातीची रूपे आहेत. या जातीचा नर एकाच रूपाचा असतो, मात्र मादी तीन रूपांत आढळते. एक रूप नरासारखे असते. उरलेली दोन रूपे कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या पक्ष्यांना न रुचणाऱ्या फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात. बेट्स यांनी ॲमेझॉनमध्ये शोधलेल्या अनुकृतीच्या तत्त्वाला यामुळे बळकटी मिळाली. अंडी घालण्यासाठी सावकाश उडावे लागत असल्याने मादीला संरक्षणाची गरज अधिक असते, असा खुलासा त्यांनी केला. वाळलेल्या पानासारखे दिसणारे सुमात्रातील कॅलिमा फुलपाखरूही त्यांच्या लेखनामुळे सर्वत्र माहीत झाले.

१८६७ मध्ये काही सुरवंट भडक रंगाचे का असतात, असा प्रश्न डार्विन यांनी त्यांना विचारला. सुरवंट प्रौढ नसल्याने जोडीदार आकर्षित करणे हे त्याचे कारण असू शकत नव्हते. असे सुरवंट बेचव असावेत आणि रंग ही भक्षकाला दिलेली सूचना असावी, असे उत्तर वॉलेस यांनी दिले. पुढे प्रयोगांनी त्यास पुष्टी मिळाली.

### मानवी मनाचा प्रश्न

फुलपाखरांच्या पंखांवरील प्रत्येक ठिपक्याचा खुलासा नैसर्गिक निवडीने होऊ शकतो, असे मानणाऱ्या वॉलेस यांनी १८६९ पासून मानवी मनाबाबत मात्र वेगळी भूमिका घेतली. नैसर्गिक निवड केवळ तात्कालिक गरजेपुरताच गुण वाढवते. तिच्यामुळे कपीपेक्षा किंचित सरस मेंदू घडला असता. गणित, संगीत आणि नीतिविचार यांची क्षमता असणारा मेंदू घडवण्यास ती अपुरी आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यामागे त्यांनी एका उच्चतर बुद्धीचा हात मानला. मानवी शरीर कपीसारख्या पूर्वजांपासून उत्क्रांत झाले, हे मात्र त्यांना मान्य होते. डार्विन यांना या भूमिकेने तीव्र निराशा वाटली. वॉलेस यांचा परलोकवादाकडे वाढलेला कल हे तिचे एक कारण मानले जाते.

## निसर्गसंवर्धनविषयक विचार

१८६३ मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीसमोर सादर केलेल्या निबंधात वॉलेस यांनी प्रत्येक जातीला पृथ्वीच्या इतिहासग्रंथातील एका अक्षराची उपमा दिली. अक्षरे गळाली की वाक्य लागत नाही. म्हणून शेतीच्या विस्ताराने जाती नष्ट होण्याआधी सरकारांनी त्यांचे संपूर्ण संग्रह करावेत, अन्यथा पुढच्या पिढ्या आपल्याला दोष देतील, असे त्यांनी बजावले. त्यांचा भर संग्रहालयांवर होता. जिवंत प्राण्यांसाठी राखीव अरण्याची कल्पना त्या निबंधात नाही. १८६९ च्या मलय द्वीपसमूहावरील ग्रंथात ते पुढे गेले. सुसंस्कृत मानव या दूरच्या अरण्यांत पोहोचला तर ज्या जीवांचे सौंदर्य समजण्यास तोच समर्थ आहे, तेच जीव त्याच्यामुळे नामशेष होतील, असे त्यांनी लिहिले. सर्व सजीव केवळ मानवासाठी निर्माण झाले, ही समजूतही त्यांनी तेथे नाकारली.

## उत्तरायुष्य

१८६६ मध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम मिटन यांची कन्या ॲनी यांच्याशी विवाह केला. त्यांना तीन अपत्ये झाली. थोरला मुलगा लहानपणीच वारला. कायमची नोकरी न मिळाल्याने आणि गुंतवणुकीत तोटा झाल्याने ते बराच काळ लेखन व परीक्षकाच्या कामावर अवलंबून होते. १८८१ मध्ये डार्विन यांच्या प्रयत्नाने त्यांना वार्षिक २०० पौंडांचे सरकारी निवृत्तिवेतन मंजूर झाले. प्राण्यांच्या भौगोलिक वितरणावरील ग्रंथ (१८७६), बेटांवरील जीवनाविषयीचा ग्रंथ (१८८०) आणि आत्मचरित्र (१९०५) ही त्यांची अन्य महत्त्वाची पुस्तके होत. जमिनीच्या राष्ट्रीयीकरणाचा पुरस्कार आणि देवीच्या सक्तीच्या लसीकरणाला विरोध यांमुळे ते वादग्रस्तही ठरले. लसीकरणाबाबतची त्यांची भूमिका वैद्यकशास्त्राने चुकीची ठरवली आहे. ७ नोव्हेंबर १९१३ रोजी इंग्लंडमधील ब्रॉडस्टोन येथे वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

## अभ्यासलेल्या प्राण्यांची सद्यःस्थिती

वॉलेस यांनी संग्रहित केलेली फुलपाखरे आणि ओरांगउटान यांची जीवनपद्धती भिन्न असल्याने त्यांच्या संवर्धनाचे प्रश्नही भिन्न आहेत.

फुलपाखराचे आयुष्य अंडे, सुरवंट, कोश आणि प्रौढ अशा चार अवस्थांत विभागलेले असते. मादी अनेक अंडी घालते, परंतु त्यांतील बहुतेक प्रौढ होत नाहीत. बर्डविंगचे सुरवंट ॲरिस्टोलोकिया व तिच्या जवळच्या वेलींवरच वाढतात. वेल आणि अरण्य शिल्लक असेल तर काही नमुने पकडल्याने जात सहसा संपत नाही. वेल नाहीशी झाली तर एकही न पकडता ती संपते. पापुआ न्यू गिनीत अशा वेली लावून बर्डविंगची पैदास करण्यात येते व त्यातून गावकऱ्यांना उत्पन्न मिळते. बर्डविंगचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारानुसार परवान्याखाली चालतो. क्वीन अलेक्झांड्रा बर्डविंगच्या व्यापारावर मात्र बंदी आहे.

ओरांगउटानबाबत हा मार्ग उपलब्ध नाही. मादीला पहिले पिलू साधारण पंधराव्या वर्षी होते. एका वेळी बहुधा एकच पिलू जन्मते आणि दोन पिलांत सात ते नऊ वर्षांचे अंतर असते. पिलू कित्येक वर्षे आईचे दूध पिते व कोणती फळे कोठे मिळतात हे तिच्याकडूनच शिकते. त्यामुळे एक मादी मारली गेल्यास होणारी हानी भरून येण्यास दशके लागतात. १९९९ ते २०१५ या काळात बोर्निओतील ओरांगउटानांची संख्या एक लाखाहून अधिकने घटल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. तेलताडाची लागवड, लाकूडतोड, खाणी आणि शिकार ही त्यामागील प्रमुख कारणे होत. बोर्निओ, सुमात्रा आणि २०१७ मध्ये वर्णन झालेली तापानुली या तिन्ही जाती अतिसंकटग्रस्त आहेत. तापानुली ओरांगउटानांची संख्या ८०० पेक्षा कमी मानली जाते. सोडवलेल्या अनाथ पिलांना पुनर्वसन केंद्रांत अनेक वर्षे झाडावर चढणे, घरटे बांधणे आणि अन्न शोधणे शिकवावे लागते.

## महाराष्ट्राशी संबंध

मुंबईतील आठवड्याचा मुक्काम वगळता वॉलेस यांचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध आला नाही. मात्र त्यांनी उलगडलेल्या अनुकृतीचे उदाहरण येथे सहज पाहता येते. पॉलिटीस, म्हणजेच कॉमन मॉरमॉन, हे फुलपाखरू राज्यभर आढळते. नागपूर जिल्ह्यात संत्रा, लिंबू आणि कढीपत्ता ही त्याच्या सुरवंटांची खाद्यवनस्पती असल्याने हिंगण्यासारख्या भागात घराच्या आवारातही ते दिसते. काळ्या नराबरोबर तांबडे-पांढरे ठिपके असलेली, विषारी कॉमन रोझसारखी भासणारी मादी फिरताना दिसल्यास ती वॉलेस यांनी एकाच जातीत गणलेल्या रूपांपैकी एक असते.

मादीच्या या रूपांमागील आनुवंशिक कारण २०१४ मध्ये स्पष्ट झाले. भारतीय शास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंगभेदाशी निगडित डबलसेक्स हे एकच जनुक अनुकृतीचे नियंत्रण करते, असे दाखवले. याच कुळातील ब्लू मॉरमॉनला २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू घोषित करण्यात आले. असा निर्णय घेणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होय. महाकपींपैकी एकही जात भारतात नैसर्गिकरीत्या आढळत नाही. ईशान्य भारतातील हुलॉक गिबन हा लघुकपी आहे.

## सन्मान आणि स्मारके

वॉलेस यांना रॉयल सोसायटीचे रॉयल पदक (१८६८), लिनियन सोसायटीचे सुवर्णपदक (१८९२), तसेच कॉप्ली पदक आणि ऑर्डर ऑफ मेरिट (दोन्ही १९०८) हे सन्मान मिळाले. १९१५ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये डार्विन यांच्या स्मृतिस्थळाजवळ त्यांचे स्मृतिचिन्ह बसवण्यात आले. निधनानंतर त्यांचे नाव बराच काळ मागे पडले होते. २०१३ मध्ये स्मृतिशताब्दीनिमित्त लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. या पुतळ्यात वॉलेस हाती जाळे घेऊन, मान वर करून बाचान येथील सोनेरी बर्डविंगकडे पाहताना दाखवले आहेत.